अकरा वेळा बरं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा कुलपे दुरुस्त करणे व चाव्या बनवणे, हल्ली निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. खुशीचे कोणी विचारले नाही.

१. माझा चावी घट्ट धरायचा शेगडा, कानशी व कोऱ्या चाव्यांचा डबा हातकामाच्या शाळेला द्यावा. गंज चढू देऊ नये.

२. काळी छत्री मेहुण्याला द्यावी. ती त्याने बारा वर्षांपूर्वीच नेली आहे, आता निदान कायदेशीर होईल.

३. बोलकी डबी. ही मुलाने दोन वर्षांपूर्वी टेबलावर आणून ठेवली. "बाबा, आता बोलायला कोणीतरी आहे तुम्हाला. मलाही रोज खबर मिळेल," म्हणाला आणि गेला. खबर मिळू लागली, तसे त्याचे फोन येणे बंद झाले.

डबी गोड बोलते, जेवलात का विचारते. मला मात्र जन्मभराची खोड, कोणी काही म्हटले की 'बरं' म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणाले संध्याकाळी हवंय, बरं. बायको म्हणाली आता पुरे, बरं. मार्चमध्ये न्हाणीघरात घसरून पडलो. डबी बाहेरून विचारत होती, "कसं वाटतंय?" मी ओरडलो, "बरं बरं, आधी कुणाला तरी बोलाव!" पुढचे शब्द नळाच्या आवाजात गेले. दुपारी समोरचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, त्याने मला उचलले. मुलाला त्या दिवशीची खबर गेली, ती डबीनेच मला नंतर ऐकवली: "बाबा अकरा वेळा बरं म्हणाले. प्रकृती ठीक."

नंतर मी डबीकरवी सात निरोप धाडले, एकदा ये म्हणून. प्रत्येक वेळी डोळ्याचे पाते लवायच्या आत उत्तर आले, "नक्की, बाबा. काळजी घ्या." मी खुळा, हरखून जायचो. कंपनीकडून डबी तपासायला आलेल्या बाई शेवटी म्हणाल्या, "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका, पण हे त्यांनी लिहिलेलंच नाही. त्यांच्या फोनमधलं यंत्र परस्पर उत्तर देतंय." म्हणजे दोन यंत्रे एकमेकांना खुशाली कळवत होती आणि आम्ही बापलेक त्यात कुठेच नव्हतो.

डबीवर माझा राग नाही. लाज वाटते, पण अजूनही तिच्याशीच बोलतो. दुसरे आहे कोण? माझ्यामागे ती कंपनीला परत करावी.

४. राहते घर, दोन खोल्या, मुलाला द्यावे. अट एकच: माझ्या हयातीत त्याने एकदा येऊन माझ्यासमोर बसावे. ही अट मी त्याला कळवणार नाही. कळवू तरी कशातून? तो न आल्यास घर इस्त्रीवाल्याचे.

५. हे सर्व अमलात आणण्याचे काम वकीलबाईंनी करावे. अंत्यविधीला भाषणे नकोत.

स्थळ: राहती खोली. दिनांक: ९ ऑक्टोबर.

(सही)

साक्षीदार:
१. डबी तपासणाऱ्या बाई (सही)
२. कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)

टीप: सहीसाठी इस्त्रीवालाही पेन घेऊन पुढे आला होता. ज्याला मिळकत मिळायची त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. मी म्हणालो, "तू नको." त्याने कलम चार वाचले आणि म्हणाला, "काका, पण मुलगा येईल ना?"

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतले आणि वर माझी सही केली.