अग्नीपुढचं नाव

सुरत,
४ मार्च २०१९

ती. भाभींस,
सा. न. वि. वि. जय श्रीकृष्ण.

मोटाभाईंच्या बेसण्याला सांत्वनासाठी केवढी माणसं लोटली, पाहिलंत ना! तुम्ही नीट जेवत नाही, असं तुमची जाऊ वर्षा म्हणत होती. घारीचा डबा पाठवला आहे, संकोच करू नका.

एक किरकोळ काम आहे. मोटाभाईंच्या नावावरचे इथले चार फ्लॅट कुठून आले, असं आयकरवाले विचारताहेत. शिकवण्यांच्या कमाईतून घेतले, एवढं शपथेवर सांगून टाका. गेलेल्या माणसाला कोण पकडतं? मग सावकाश ते वर्षाच्या नावे करू. फोनवर बोलू नका, हल्ली फोनला कान असतात.

या धाकट्यावर माया असू द्या.
किशोर

नवसारी,
९ मार्च

चि. किशोरभाईस,
अनेक आशीर्वाद.

शोकाच्या घरी घारीसारखी मिठाई कोणी पाठवत नाही. शेजारी वाटली.

यांनी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, शिकवणीचा पैसा कधी घेतला नाही. मोटाभाई म्हणजे भोळा महादेव, असं तुम्हीच चारचौघांत हसून सांगायचात. आता त्याच महादेवाने चार फ्लॅट घेतले म्हणता? तिथे जायचा रस्ता हे रिक्षावाल्याला विचारत. बिनबिलाच्या साड्यांचा पैसा तुमचा होता. यांनी भाऊ म्हणून सही दिली.

माणूस गेला, नाव तेवढं उरलं आहे. त्याला डाग लावायला सांगू नका.

मुलांना आशीर्वाद.
भाभी

सुरत,
१३ मार्च

ती. भाभींस,
सा. न. वि. वि.

नाव काय चाटायचंय, भाभी? कागदोपत्री मालक मोटाभाईच आहेत. तुमच्या तोंडच्या शब्दाला पुरावा काय? खोट्याचं पाप माझ्या माथी, मी श्रीनाथजींना जाऊन येईन. सही करा आणि मोकळ्या व्हा.

मायेत उणं नसावं.
किशोर

नवसारी,
२० मार्च

चि. किशोरभाईस,
अनेक आशीर्वाद.

काल आयकरचे साहेब घरी आले होते. भला माणूस आहे, यांच्या फोटोला हात जोडून मगच बसला.

पुरावा विचारलात, म्हणून आठवलं. पहिल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला महाराजांनी संकल्पासाठी मालकाला बोलावलं. हे उठले, तर तुम्ही खांदा दाबून खाली बसवलंत. कागदाचं वेगळं, मोटाभाई, अग्नीपुढे खोटं नाव घेतलं तर लक्ष्मी टिकत नाही, असं म्हणालात. चारही घरांत पाटावर तुम्ही आणि वर्षाच बसलात. त्याचा व्हिडिओ तुम्हीच हौसेने सगळ्या नातलगांत वाटला होता. तोच साहेबांना लावून दाखवला. या घराचे धनी किशोरचंद्र, असं महाराज म्हणतात, तिथे साहेबांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

तुमच्या बाजूनेही एक शब्द टाकला. म्हटलं, आमच्या किशोरभाईंनी सरकारला फसवलं असेल, देवाला कधीच नाही. श्रीनाथजींना मात्र लवकर जाऊन या, पुढे सवड मिळेल न मिळेल.

व्हिडिओत शेवटी दारापाशी हेही दिसतात, पाहुण्यांच्या चपला जोडीने लावताना. साहेब गेल्यावर तेवढाच भाग मी परत लावला.

वर्षाला आशीर्वाद.
भाभी