अकरा निकामी पाइप

हाक्चोन, ४ मार्च

चि. पान-सोक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

माझं ठीक आहे. गुडघा आपल्या जागी आहे, दुखणंही आपल्या जागी.

पत्रास कारण, आमच्या वाचनालयाच्या गच्चीवर सौर पॅनल बसवणार आहेत. बसवोत बापडे. उन्हाळ्यात गावातली म्हातारी माणसं इथे थंड हवेला येऊन बसतात आणि बिल परवडत नाही म्हणून ग्रंथपाल मिन बाई दोन वाजताच एसी बंद करतात. मग सगळे ऐन उन्हात घरी. तेव्हा पॅनल हवेतच. पण काल बाईंनी मला नकाशा दाखवला. गच्चीच्या दक्षिण कडेला, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे अकरा गोल काढलेत आणि शेजारी लिहिलंय, निकामी हवेचे पाइप, काढून टाकावेत. अरे, ते आईचे सोया सॉसचे रांजण आहेत! मी सव्वीस वर्षं इथली झाडलोट करते, मागच्या खोलीत राहते, म्हणून जुन्या ग्रंथपालांनी ते वर ठेवू दिले. मोठ्या रांजणात आईने स्वतःच्या लग्नाच्या वर्षी घातलेला सॉस आहे. दरवर्षी त्यात नवा मिसळतो, तळ कधी कोरडा पडू दिलेला नाही. आता जुना जिना पाडून लोखंडी शिडी केली आहे. रांजण खाली आणायचा तर फोडूनच.

तू याच धंद्यातला. हा नकाशा काढणारा शहाणा कोण ते शोध आणि त्याला विचार, की त्याच्या आईने त्याला जेवायला काय घातलं होतं.

लोभ जुनाच आहे, तो मुरत राहू दे.

ताई जॉम-रे


इंचॉन, ९ मार्च

ती. ताईस पान-सोकचा सा. न. वि. वि.

शहाणा सापडला. फार लांब जावं लागलं नाही. नकाशाच्या कोपऱ्यात सही माझी आहे.

आम्ही वरून काढलेल्या फोटोवर नकाशे करतो. दिवसाला पाच गच्च्या होतात. गाव आपलं आहे हे वाचलं होतं. झाकणं दिसली, गोल होती, पाइप असतील असं वाटलं. मोठा रांजण मीच पाठीला बांधून त्या जिन्याने वर नेला होता. आई मागून ओरडत होती, की तू पडलास तरी चालेल, रांजण पडता कामा नये. हे सगळं आठवलं, पण तुझं पत्र वाचल्यावर. फार लाज वाटते आहे.

काम मंजूर झालंय. रांजण गच्चीवरच उत्तरेला सरकवता येतील का? तिथे पाण्याच्या टाकीची सावली पडते, हे मला कळतं. तू म्हणशील तसं करू.

कान उपट, पण माया आटवू नकोस.

तुझा पान-सोक


हाक्चोन, १४ मार्च

चि. पान-सोक यास आशीर्वाद.

सावलीत सॉसला बुरशी धरते. यंदाची बाटली पाठवणार नाही. पाइपातलं काय कुणी खातं?

आईला जाऊन सहा वर्षं झाली आणि सहाही श्राद्धांना तुला काम होतं. मी कधी बोलले नाही, आज बोलते. राग आला तो याचा, की तू वरून बघितलंस आणि तुला आपलं काही ओळखू आलं नाही.

मजूर पुढच्या सोमवारी येणार आहेत. लोभाचं त्यानंतर बघू.

ताई


हाक्चोन, ६ मे

चि. पान-सोक यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नवा नकाशा वेळेत पोचला. सोबत पत्र नव्हतं.

पॅनल अठ्ठेचाळीस ठरले होते, रांजणांची जागा सोडून चव्वेचाळीस बसले. एसी आता दोनऐवजी पाचपर्यंत चालणार होता, तो साडेचारलाच बंद होईल, आणि हे सगळ्यांना मीच सांगायचं असं मिन बाईंनी ठरवलं. सांगितलं. चो आजोबा म्हणाले, अर्धा तास घाम गाळू, पण जॉम-रेने वाटीभर सॉस दिला पाहिजे. बाकीचे तेवढ्यात घरून वाट्या घेऊन आले.

काल सरकारी साहेब तपासायला आले. त्यांनी नकाशावरचा तुझा शेरा मोठ्याने वाचला, की हवेचे पाइप अकरा, चालू स्थितीत, काढू नयेत. दरवर्षी चौथ्या चांद्र महिन्याच्या नवमीला नकाशा काढणाऱ्याने स्वतः हजर राहून, झाकणं उघडून तपासावेत. साहेबांनी एक झाकण उचललं, वास घेतला, परत शेरा वाचला, परत वास घेतला आणि सही केली. जेवायची वेळ झाली होती.

तपासणीला तिथी कशाला, असं मिन बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, जुने पाइप आहेत, त्यांना तारीख कळत नाही. त्या तिथीला आईचं श्राद्ध असतं हे सांगितलं नाही. डोळ्यांना काय झालं म्हणाल्या, तर कांदा चिरत होते म्हटलं. हातात केरसुणी होती.

नवमी सोळा तारखेला आहे. सरकारी काम आहे, सबब चालणार नाही. रिकामी बाटली आण. शिडी अरुंद आहे. आई काहीही म्हणो, तू पडता कामा नयेस.

लोभ आहे, तो न्यायला ये.

ताई