तुमच्या बोटीचा डॅशबोर्ड

आबा, तुमची बोट माझ्या दारात उभी आहे. सिद्धेश्वरच्या धरणावर जिच्यावर तुम्ही ड्रायव्हर होतात, तीच. पाटबंधारे खात्यानं भंगारात काढली, मच्छीमारांच्या सोसायटीनं घेतली, आणि सेनगावात फायबरचं काम मी करतो म्हणून ट्रॉलीत घालून माझ्याकडं आणली. एरवी मी पाण्याच्या टाक्या आणि ट्रॅक्टरची छतं दुरुस्त करतो. डॅशबोर्ड उन्हानं इतका विटला होता की हात लावला की खडूसारखी पांढरी भुकटी तळव्याला लागायची. ती लागली आणि माझं डोकंच फिरलं. पॉलिश पेपर घेऊन मी असा घासत सुटलो की बोटांची सालटी निघाली. घासताना तुम्हाला शिव्या देत होतो, चांगल्या मोठ्यानं. शेजारचा पंक्चरवाला येऊन बघून गेला.

वरचा थर निघाला तशा डाव्या कोपऱ्यातल्या चिरा उघड्या पडल्या. दसऱ्याचा नारळ लोक दगडावर फोडतात. तुम्ही दरवर्षी त्या कोपऱ्यावर फोडायचात. पूजा बोटीची, मग नारळही बोटीवरच फुटला पाहिजे, हा तुमचा हट्ट. फायबर म्हणजे काही दगड नाही. वरून साधा ओरखडा दिसतो आणि आतून ते तडकत जातं. एका वर्षी नारळ काही केल्या फुटेना. तुम्ही आपटताय, आपटताय, आणि काठावरची माणसं हसायला लागलीयत. मी पूजेचं ताट धरून उभा आहे. माय हळूच म्हणते, "आवं, दगडावर फोडा की." तुम्ही नारळ खाली ठेवलात, तिचा अंबाडा धरलात आणि तिचं कपाळ त्याच कोपऱ्यावर आपटलंत. मग पुन्हा. काठावरचं हसणं थांबलं, पण पुढं कुणी आलं नाही. नंतर तुम्ही पूजेच्या फडक्यानं डॅशबोर्ड पुसलात. डॅशबोर्ड, आबा! तिचं कपाळ तसंच वाहत होतं. "झाली पूजा," म्हणालात आणि इंजिन सुरू केलंत.

काल दुपारी माय डबा घेऊन आली. मी ग्राइंडरनं त्या चिरा रुंद करत होतो. तशा केल्याशिवाय त्यात रेझिनचा चिकट रस बसत नाही, आणि रेझिन बसल्याशिवाय वरचा चकचकीत थर टिकत नाही. मायनं बोट ओळखली. डब्याची पिशवी खाली ठेवून ती वर चढली आणि कोपऱ्यावरून हात फिरवला.

"काहून चमकवून राहिला रे ह्याला?"

"सोसायटीचं काम हाय, माय. उद्या न्यायला येणार हायेत."

"म्हंजे काईच दिसणार न्हाई?"

"न्हाई."

तिनं नेमकं तेच विचारलं होतं जे सकाळपासून मला जाळत होतं. हा कोपरा मी नव्यासारखा करून दिला, की तुम्ही सुटलात. माझ्याच हातून सुटलात. मी काही बोलायच्या आत तिनं हातोडा उचलला.

पहिला घाव तिरपा बसला. दुसऱ्याला कोपरा आत गेला. मग तिनं पदर खोचला आणि धरणावरच्या सगळ्या वर्षांचं उट्टं काढलं. तुकडे उडाले, एक माझ्या गालाला लागून रक्त आलं, मीटरची काच फुटली. प्रत्येक घावासरशी तिच्या तोंडून हुंकार. मी तिला थांबवलं नाही. ग्राइंडर बंद करून बाजूला सरकलो, तिचा हात मोकळा फिरावा म्हणून.

दमली तशी ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तुमच्या सीटवर, आणि हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. म्हणाली, "आता बराबर कर. गरिबायची बोट हाय, त्यायला तकलीफ नको." मी नवा कोपरा साच्यात ओतलाय, सुकला की बसवीन. सोसायटीवाल्यांना दोन दिवस उशीर होईल म्हणून कळवलंय.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. तिला असं हसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी हसायची का, हे तिला विचारायचा धीर होत नाही, आणि दुसरं सांगणारं कुणी उरलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मला तुम्ही हवे वाटला नव्हतात. काल वाटलात, तेवढंच विचारण्यापुरते, आणि त्याचा मला अजून राग येतोय.