शंतनुसाठी भरलेली वीस काडतुसं

प्रिय मैत्रेयी,

जय भीम. काही दिवस फोन करू नका म्हणालीस, म्हणून केला नाही. पण हे शनिवारच्या आत तुझ्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून ई-मेल लिहितोय. शेवटपर्यंत वाच. आई ग्रोसरीला गेलीय. तिला यातलं अजून काहीच माहीत नाही.

दहा दिवसांपूर्वी, रविवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी बेसमेंटमध्ये काडतुसं भरायला बसलो होतो. शंतनुसाठीच. मी स्वतः शिकार सोडून सहा वर्षं झाली. वंदनेत प्राणिहिंसा न करण्याचं पहिलं शील म्हणताना तुझी आई माझ्याकडे बघायची, ते मला सोसेना. आता मी रेंजवर कागदावर गोळ्या मारतो, तेवढंच. पण शंतनु दर नोव्हेंबरला माझ्या जुन्या मित्राच्या, विक्रमच्या जंगलात हरणाला जातो, आणि त्याची काडतुसं मीच भरतो. तुला हे काम कधी आवडलं नाही, तरी थोडं सांगू दे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पितळेच्या नळीत पावडर तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. सगळी काळजी दोन गोष्टींची, पावडर कुठली आणि गोळी किती खोल. शंतनुच्या रायफलीला सावकाश जळणारी पावडर लागते. भरभर जळणारी तेवढ्याच वजनाची घातली, तर रायफल फुटते, आणि त्या वेळी माणसाचा गाल तिला टेकलेला असतो. गोळी जरा जास्त खोल गेली, तरी आतला दाब वाढतो. म्हणून माझा नियम आहे की टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा.

त्या दिवशी दोन होते. एक भरभर जळणारीचा, सरावाच्या हलक्या काडतुसांसाठी आदल्या दिवशी काढलेला. दुसरा नवा, सावकाश जळणारीचा. दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच, पेन्सिलीतल्या शिशाचे बारीक तुकडे असावेत तशा.

पहिला डबा आत ठेवायला उठलो आणि फोन वाजला. तू म्हणालीस की मिसिसागाला ऑफिसच्या कामासाठी गेलेली नाहीस, तिथे तुझ्या मैत्रिणीच्या, कल्याणीच्या काँडोवर राहतेयस, आणि आता शंतनुकडे परत जाणार नाहीस. शंतनु ओरडतो, परवा ताट भिंतीवर फेकलं. म्हणालीस, “बाबा, गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला की मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावते.” आणि मी काय म्हणालो? “संसारात असं होतं बेटा, जरा समजून घे.” तू “आता काही दिवस फोन करू नका” म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या माझ्या वाक्याची मला किती लाज वाटते, ते मी तोंडाने तुला सांगू शकलो नसतो.

फोननंतर मी पुन्हा टेबलाशी बसलो. डोकं तापलं होतं. त्याच्यावर, आणि त्याहून जास्त माझ्यावर. हाताला काम हवं होतं. वीस काडतुसं भरली. प्रत्येकाची लांबी कॅलिपरने मोजली, गोळीची खोली कुठे केसभरही चुकली नव्हती. शुक्रवारी शंतनु आला, चहा प्यायला, डबी खिशात टाकून गेला. तुझं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

या सोमवारी शिकारीचा हंगाम उघडला. सकाळी साडेनऊला मी टेबल आवरत होतो. नवा डबा कपाटात ठेवायला उचलला, झाकण फिरवलं, तर आतलं सील तसंच. न फुटलेलं. मी खुर्चीत बसलो. नवा डबा उघडलाच नव्हता, मग त्या वीस काडतुसांत काय गेलं होतं? दुसरा डबा हलवून बघितला, जवळजवळ रिकामा.

शंतनुला फोन लावला, लागला नाही. विक्रमचाही नाही. कॅलाबोगीच्या पुढे त्या जंगलात सिग्नल कधीच नसतो. पोलिसांना कळवायला हवं होतं का? आता वाटतं, हवं होतं. मी गाडी काढली. विंटर टायर अजून लावले नव्हते आणि रात्री पहिला बर्फ पडून गेला होता. दोनदा गाडी घसरली. उजाडल्यापासून तो झाडावरच्या मचाणावर बसला असणार, त्याला एक हरीण दिसलं की संपलं, एवढंच डोक्यात होतं.

विक्रमच्या केबिनशी गाडी सोडून, शिकाऱ्यांचं नारिंगी जॅकेट चढवून पायवाटेने निघालो. पहिला दिवस, चारही दिशांनी गोळ्यांचे आवाज. दर आवाजाला मी थांबायचो. साधा होता की फुटल्यासारखा? कुठल्या बाजूचा? एक अगदी जवळून आला आणि मग सगळं शांत झालं. मैत्रू, माझं वय बासष्ट, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मी बर्फातून पळालो. पळताना एकच विचार होता, की हे मी चुकून केलं ना? तुझा फोन, माझा राग, आणि त्याच तासात माझ्या हाताने त्याच्यासाठी हे भरलं. खोली केसभर न चुकवणारा हात डबा कसा चुकला?

तो मचाणावर जिवंत होता. गोळी दुसऱ्याच कुणाची होती. पण रायफल खांद्याला होती, गाल टेकलेला, आणि समोर चाळीस पावलांवर नर उभा. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. हरीण उधळलं. शंतनु वळून खेकसला, “बाबा, आर यू क्रेझी?” मी म्हणालो, “आधी रायफल रिकामी कर.” त्याने केली. मग वरूनच विचारलं, “काय झालंय?”

खरं सांगायची ती वेळ होती. पण ज्याची बायको सोडून गेलीय त्या जावयाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो की तुझं मरण मीच भरून दिलंय? चूक झाली म्हटलं तरी कोण खरं मानणार होतं? मीच मानत नव्हतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “मैत्रेयीनं पाठवलंय मला. तुला घेऊन यायला.”

तो खाली उतरला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. खूप रडला. म्हणाला, ती बोलावतेय म्हणजे अजून काहीतरी उरलंय, मी बदलेन. लगेच निघू म्हणाला, तेव्हा ‘आज नको, मी कळवतो’ म्हणून मी टाळलं. त्याचं रडणं खोटं नव्हतं, एवढं मी सांगतो. पण त्या रडण्यावरून तो बदलेलच, असं मी सांगू शकत नाही. काडतुसं मी मागून घेतली, रिकामी करतो म्हणालो. रायफलीतली धरून वीसच्या वीस. घरी येऊन एकेक गोळी उपसून काढली. सगळ्यांत तीच, भरभर जळणारी.

आता लिहायचं कारण. काल शंतनुचा फोन आला. शनिवारी सकाळच्या ट्रेनने तो तुझ्याकडे निघतोय. कल्याणीचा पत्ता त्याला कुठून मिळाला, माहीत नाही. तू बोलावलंयस या समजुतीने येतोय, आणि ती समजूत मीच करून दिलीय. हे पाठवलं की मी सरळ कनाटाला त्याच्याकडे जातोय. पावडरीचं सांगणार, आणि तू बोलावलेलं नाहीस, हेही सांगणार. त्याने पोलिसांत जायचं म्हटलं, तर मीच त्याला गाडीतून नेईन. तरीही तो आला, तर माझ्या खोट्यापायी तू दार उघडायचं नाहीस. कल्याणीला आजच सांगून ठेव. आणि तुला घरी यायचं असेल तर मला फक्त वेळ कळव, मी गाडी घेऊन येतो. या वेळी समजून घे म्हणणार नाही. तू सांगशील ते ऐकेन.

तुझाच, तुझ्या एका ओळीची वाट बघणारा,
बाबा