सीताबाई काय बोलली

३ जानेवारी, दिल्ली
झालं! बिनविरोध. पक्षाची पहिली महिला राष्ट्रीय अध्यक्ष — टीव्हीवाले सकाळपासून तेच घोकत आहेत. आणि सगळ्या पेपरांत तोच जुना फोटो. कोसमटोल्याची ग्रामसभा, एकोणीस वर्षांपूर्वीची. मी हात जोडलेली, समोर गावची म्हातारी सीताबाई उभी, तोंड उघडं. खाली ओळ — ‘धरणासाठी गाव राजीखुशीनं उठलं.’ जिल्हा परिषदेतली मी, त्या सभेमुळंच दिल्लीच्या नजरेत आले.
पेपर पालथा घातला.

९ जानेवारी, चंद्रपूर
सत्कार. घुग्घुसचे कोळशाचे ट्रक अडवून मिरवणूक! लाज वाटली. मंचामागे देवाजी गुरुजी उभे. त्या सभेत गोंडीचं मराठी करून सांगायला हेच होते. किती वाळलेत!
“बाई, मी खोटं सांगितलं होतं तुमाले. सीताबाई म्हणे, आमचे मेलेले इथीच हायेत, त्याहिले पाण्यात सोडून आमी जात नाई. अन् मी सांगितलं, जातो म्हणते. मले बदली पाह्यजे होती — धरणाच्या ठेकेदारानं शब्द देल्ला होता.”
रडायला लागले. धरण भरत होतं तेव्हा सीताबाई एकटीच परत गेली. लुगडं तेवढं सापडलं.
“गाववाले आजबी मले पाणी देत नाई, बाई.”
“झालं ते झालं, गुरुजी. आता कुठं बोलू नका.”
माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.

१० जानेवारी
वरोऱ्यात भाषण करता करता थांबले. दुसऱ्या रांगेत एक म्हातारी — तोंड उघडं. जांभई देत होती, दुसरं काही नाही. पुढचा शब्दच आठवेना.

१२ जानेवारी, गडचिरोली
नव्या कोसमटोल्यात गेले. सरपंच दिव्या, सीताबाईची नात. तिनं ओवाळलं. मागे धरणाचं पाणी, हिरवं, हलत नव्हतं. तिकडे पाठ करून बसले.
म्हटलं, देवाजी गुरुजी थकलेत, त्यांना माफ करा आता.
“त्याचं नावच काढू नका बाई! तुमचा काय दोष? तुमाले आमची भाषा कुठी येते? त्यानंच तुमाले फसवलं, अन् आमालेबी.”
मी ‘हो’ म्हणाले. तोंडानं म्हणाले!

१३ जानेवारी
दिव्याचा नंबर शोधून ठेवला, लावला नाही.

१४ जानेवारी
बाबा शिक्षक, त्यांची पहिली शाळा एटापल्लीकडच्या जंगलात होती. सात वर्षांची होईपर्यंत माझ्या सगळ्या मैत्रिणी गोंड. हे माझ्या कुठल्याच परिचयात नाही. मीच कधी सांगितलं नाही.
सकाळी दिव्याला फोन लावला. गोंडीत बोलले — तिच्या आजीचं ते वाक्य, जसंच्या तसं.
आधी ती खूश होऊन हसली. मग हसू थांबलं.