एकवीरा गाडीतच राहिली

चि. महिपतीस कात्रपहून आईचे भरपूर आशीर्वाद.

तुझा लेक प्रीतम आणि मी इकडे मजेत आहोत. पत्र लिहिणारा हात शेजारच्या नेत्राचा, तोंड माझं. फोन केला असता, पण फोन प्रीतमचा आणि कान तुझ्यासारखे तिखट.

त्याला ट्रकच्या कंपनीत काम लागलं. नवी गाडी देणार म्हणाले होते, दिली ती माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. ब्रेक दाबला की रेड्यासारखी रेकते. लायसन मालकाने सांभाळायला म्हणून स्वतःकडे ठेवलंय. एवढी माया सख्खा मामा करत नाही.

काल नारळ फोडायला मी गाडीत चढले, तर समोर एकवीरेची मूर्ती, गळ्यात वाळलेला हार. मालकाला विचारलं, ही कुणाची? म्हणतो, "आधीचा ड्रायव्हर काम सोडून गावी गेला, आजी." अरे, गाडी सोडताना ड्रायव्हर आधी देव उतरवतो, मग अंथरूण. हा देव ठेवून कसा गेला? धडपणे गावी गेला नसणार, या गाडीतच त्याचं काही बरंवाईट झालं असणार. पुढे विचारलं, तर मालकाने माझ्यासाठी चहा मागवला.

प्रीतम म्हणतो, तुला सगळीकडे चोर दिसतात. पण पुढच्या सोमवारी तो तीच गाडी घेऊन घाटात जाणार आहे.

म्हणून रविवारपासून मी आजारी पडणार आहे. तू घाबरू नकोस, फक्त लगेच निघ आणि मालकाकडून लायसन सोडव. तोवर पोराला मी उशापासून हलू देत नाही. सूनबाईचा गुडघा कसा आहे? तिला खरं सांग, नाहीतर रडत येईल.

शनिवारपर्यंत ठणठणीत असलेली,
तुझी आई वेणूबाई