आबांच्या राजदूतचे मागचे शॉकअप

९ जानेवारी
तीर्थपुरीहून मावसभाऊ मिलिंदचा फोन. मावशीनं अंथरूण धरलंय, बहिणीला बघायचं म्हणती. माय म्हणली, येते. पण बसनं न्हाई, जीपनं न्हाई. आबांच्या राजदूत फटफटीवर. आबा गेल्यापासून ही बाई दाराबाहेर पडली न्हाई, आता एकदम राजदूत. चालवणार कोण, तर मी. बरं. निदान निघते तरी म्हणली.

११ जानेवारी
सुट्टी. गाडी धुतली. चौथ्या किकला सुरू झाली, मेहरबानी. मागचे शॉकअप गेलेत. दोन्हीकडून ऑइल गळतंय, खड्ड्यात आदळली की कंबरडं ढिलं. मायचा डावा पाय पोलिओचा. असले हादरे तिला न्हाई सोसायचे.

१२ जानेवारी
कामावरून येऊन शॉकअप खोलले. ना नाव, ना नंबर. जफरभाईच्या गॅरेजात राजदूतचा एक पडलेला व्हता, त्याच्याशेजारी ठेवून बघितले. आपले दोन बोटं आखूड. खालचं भोक मोठं, म्हून त्यात लोखंडी बुश, नळीचा तुकडा, लेथवर घडवलेलं. काम आबांचंच. आबा सळयांच्या मिलमध्ये टर्नर, कड अशी गुळगुळीत तेच काढायचे. म्हणलं पार्ट मिळाला नसल, भागवलं असल.
जफरभाई: "दुसऱ्या गाडीचे हायेत ताई. बराबरचे टाका, गाडी बिलकुल नव्यासारखी होईल."
मला तेच पाहिजे. जुगाड बघितलं की माझं टाळकं फिरतं.

१७ जानेवारी
संभाजीनगरहून जोडी आली. बराबर मापाची, चकचकीत. जुने शॉकअप मोडक्या कूलरसोबत भंगारवाल्याला देऊन टाकले.

१८ जानेवारी
बसवले. एक बाजू झाल्यावर दुसरी, न्हाईतर मागचं धूड खाली येतं. मस्त बसले. मंग मेन स्टँडवर लावली, तर मागचं चाक जमिनीला टेकलेलंच. स्टँड गाडी उचलतच न्हाई. खाली वाकून बघितलं. स्टँडचे दोन्ही पाय कापून, आखूड करून परत वेल्डिंग केलेलं. धडधाकट स्टँड कापायचं कारण काय? आबांना विचारायची सोय न्हाई. डोक्याला ताप.

१९ जानेवारी
मायला गाडी दाखवली. ती एका अंगानं बसती. पाठ गाडीकडं केली, हात सीटवर टेकवले, उजव्या पायावर जोर दिला. बूड सीटला लागंना. परत केलं. न्हाईच.
पाट आणून ठेवला. चढली. उतरताना मला घट्ट धरून उतरली. म्हणली, "रस्त्यात पाट घेऊन कोण उभं राहणारे?"
मंग म्हणली, "तुझ्या बापानं माझ्यासाठी खाली केल्ती ती. लग्नानंतर. चारचौघांत कुणाचा हात धरून चढावं लागू न्हाई म्हून."
लहानपणी ह्याच गाडीच्या टाकीवर बसून मी गावभर हिंडले. मला ठाऊक न्हाई. मायनं कधी सांगितलं न्हाई, आबा तर बोलायचेच न्हाईत. आणि मी म्हणे जुगाड. लाज वाटली.

२० जानेवारी
भंगारवाला: "ते कवाच मिलमध्ये गेलं." कोणत्या? "आता काय सांगू ताई."
भंगाराचे ट्रक आमच्याही मिलमध्ये येतात, माझ्याच काट्यावर. मी वजन घेते, पावती देते, ट्रक आत जातो. आज येईल त्या ट्रकवर चढून बघितलं. एक ड्रायव्हर म्हणला, सोनं पडलं का मॅडम? म्हणलं, शॉकअप. लई हसला. त्या ढिगात काय सापडतंय. वितळले असतील.

२२ जानेवारी
जफरभाईनं कुठून तरी आखूड जोडी काढली. खालचं भोक मोठं हाय, बुश घडवावे लागतील. म्हंजे आबांनी केलं तेच सगळं पहिल्यापासून. मिलच्या लेथवर माप देऊन आले.
मिलिंदचा फोन. मावशी काही खाईना, जल्दी या. मायला म्हणलं, जीप सांगते, आत्ता निघू.
"तू बुशांचं बघ."
म्हणलं, अगं, मावशी काय गाडी बघणारे का? तोंड फिरवून बसली. हट्टी बाई. आबांनी कशी काढली इतकी वर्षं.

२४ जानेवारी
आज रजा टाकली. उजवा शॉकअप बसला. डाव्याचं बुश केसभर जाड निघालं, जाईना. जफरभाई ते घेऊन लेथवर गेलाय, अजून आला न्हाई. तवर हे लिहून राह्यले.
माय सकाळीच चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसलीय. पिशवी मांडीवर. मघाशी उठून गाडीपाशी गेल्ती, सीटवर हात ठेवला, परत येऊन बसली.
फोन दोनदा वाजला. मिलिंदचा. फोन तिच्याजवळच हाय. उचलला न्हाई.
आता परत वाजून राह्यला. म्हणलं, मी उचलू का?
"राहू दे. जाऊन बघतेच ना मी. फोनवर कशाला."